बर्फाच्या मुलखातील परसबाग

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी आपल्याकडे कोणी तरी शिकलेल्या बाई बोलतात. या वर्षी चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगणात बर्फ वितळला की चार हिरवी पाने दिसतात, ती कशी येतात तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. यात पुस्तकातले थोडे आहे. बाकी सारे चुका करून शिकलेले आहे.

आपण बहुतेकजणी सांगली जिल्ह्यातल्या, खानापूर-आटपाडीकडच्या. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी घरातली माणसे इथे श्रीनगरला आली आणि त्यांच्या मागोमाग आपण आलो. माझ्या लहानपणी गावाकडे झाड मरे ते पाण्यावाचून. थंडीने झाड मरते, हे मला लग्न होऊन इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हते.

२००१ साली मी आले ती उन्हाळ्यात. सोबत डब्यात लावलेले तुळशीचे रोप होते. रेल्वेत आणि मग जम्मूपासूनच्या मोटारीत ते मी मांडीवर धरून आणले. इथल्या उन्हाळ्यात ते असे फोफावले की बघत राहावे. कार्तिकात तिचे लग्नही लावले. त्यानंतर आठवड्याच्या आतच एका सकाळी दार उघडले, तर तुळस काळी पडलेली. पाने उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी लोंबत होती. घर मांडून द्यायला आलेल्या सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्या मला रागे भरल्या नाहीत. वृंदावनापाशी उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "आमच्या घरात तुळस कधी जळाली नव्हती."

भगिनींनो, ते एक वाक्य मी तीन वर्षे उराशी बाळगले. घरात कोणाला ताप आला, दुकानात नुकसान झाले, की माझ्या मनात येई, हे माझ्याच पायगुणाने. दुसऱ्या वर्षी तुळस पुन्हा गेली, तिसऱ्या वर्षीही गेली. ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही.

शेवटी मला उमज पाडली ती आमच्या घरमालकीणबाईंनी. साऱ्या गल्लीत त्यांना आपा म्हणत. एकदा मी वाळलेली तुळस हातात घेऊन रडत होते. त्यांनी कारण विचारले, आणि ऐकून घेऊन म्हणाल्या, "पोरी, तू अंगात फिरन घालतेस, फिरनच्या आत कांगडी धरतेस. या उन्हातल्या झाडाला तू काय दिलेस? यात त्याचा दोष नाही आणि तुझाही नाही." त्या दिवसापासून त्यांच्या परसात मी शिकू लागले. आज मी सांगणार आहे त्यातले निम्मे त्यांचेच आहे.

आधी थंडीने झाड का मरते ते पाहू. झाडाच्या अंगात पाणी असते. त्या पाण्याचा बर्फ झाला की आतल्या नाजूक पेशी फाटतात, त्यांतले पाणी ओढले जाते, आणि ऊन पडताच पान काळे होऊन गळते. गरम मुलखातल्या झाडाला याची सवय नसते. इथल्या झाडांना ती असते. शरद ऋतू लागला की ती तयारी करू लागतात. कोणी पाने टाकून देते, कोणी सारा जीव जमिनीखालच्या कांद्यात नेऊन ठेवते, कोणी आपल्या रसात साखर वाढवते. साध्या पाण्यापेक्षा साखरेचे पाणी उशिरा गोठते. बर्फाच्या पेटीत सरबत आणि पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहा. कडाक्याची थंडी पडल्यावर हाखची भाजी गोड लागते, ती यामुळेच.

काही झाडांना तर थंडी हवीच असते. इथले सफरचंद, ट्युलिप, यांना हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर नीट फूल येत नाही. जबरवानच्या पायथ्याशी असलेली ट्युलिपची मोठी बाग आपण सर्वांनी पाहिली आहे. ते कांदे शरदात जमिनीत घालतात आणि सारा हिवाळा ते मातीत काढतात. एका झाडाला जी थंडी मारते, तीच दुसऱ्याला फुलवते. म्हणून झाड चांगले की वाईट असे विचारू नये, ते या जागेला सोसेल का असे विचारावे. देश तसा वेश हे माणसाला लागू आहे, तसे बागेलाही आहे.

आता इथल्या थंडीचा हिशेब. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा, असे सत्तर दिवस इथली माणसे मोजतात. पण झाडांचा धोका या सत्तर दिवसांपुरता नसतो. नोव्हेंबरातच पहाटेचे दव गोठू लागते, आणि मार्च उलटला तरी एखादी रात्र दगा देते. २०१८ साली तर ३ नोव्हेंबरला, दिवाळीच्या चार दिवस आधीच, बर्फ पडला. झाडांवर पाने अजून होती. पानांवर बर्फ साचला आणि सफरचंदाच्या भरल्या बागांत फांद्या मोडून पडल्या. तेव्हापासून मी एक नियम केला आहे. पाने असताना बर्फ पडला, तर लांब काठीने फांद्या हळूच खालून वर उचलून झटकायच्या. वरून बडवायच्या नाहीत.

झाड निवडताना मी चार गोष्टी पाहते.

पहिली गोष्ट, शेजारच्या अंगणात पाहावे. जे झाड तिथे तीन हिवाळे काढून उभे आहे, ते आपल्याकडेही टिकेल. वसंतात बाजारात मैदानी मुलखातून आलेली, फुलांनी भरलेली रोपे येतात. ती पाहून जीव जातो, पण त्यांतली पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्याची धनी असतात. एका मोसमापुरते फूल हवे असेल तर ती जरूर घ्यावी, पण कायमच्या झाडाचा पैसा त्यांवर घालू नये.

दुसरी गोष्ट, जागा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत ऊन मिळते, आणि दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. अंगणाच्या खोलगट कोपऱ्यात थंड हवा पाण्यासारखी उतरून साचते, तिथे नाजूक रोप लावू नये. आणि आपल्या घरांचे पत्र्याचे उतरते छप्पर विसरू नका! छपरावरचा बर्फ सुटला की धाडकन खाली येतो. माझा चांगला चार वर्षांचा गुलाब त्याने एका क्षणात जमीनदोस्त केला होता. पागोळीच्या खाली फक्त कांदेवर्गी झाडे लावावी. बर्फ कोसळतो तेव्हा ती जमिनीखाली झोपलेली असतात.

तिसरी गोष्ट, कुंडी की जमीन. जमिनीतील मूळ एकाच बाजूने, वरून गारठते. कुंडीतले मूळ चहूंकडून गारठते. म्हणून जमिनीत जगणारे झाडही कुंडीत मरू शकते. शिवाय ओल्या मातीची कुंडी थंडीत तडकते. कुंड्या बाहेरच ठेवायच्या असतील, तर भिंतीशी एकमेकींना चिकटवून ठेवाव्या आणि भोवती पोते गुंडाळावे.

चौथी गोष्ट, वेळ. इथे आपण सर्व फसतो, कारण हाताला गावाकडचे वेळापत्रक असते. आपल्याकडे गुलाब ऑक्टोबरात छाटतात. मीही पहिल्या वर्षी इथे तसाच छाटला. त्याला कोवळे फुटवे आले आणि पुढच्या महिन्यात सारे करपले. इथे गुलाब मार्चच्या सुरुवातीला छाटावा. ऑगस्टनंतर शेणखताचा भारी हात देऊ नये, म्हणजे नवी पालवी थांबते आणि जुने लाकूड पक्के होते. कलमी गुलाबाचा सांधा मातीखाली जाईल असा लावावा. सांधा उघडा राहून थंडीने मेला, तर खालून रानगुलाब फुटतो, आणि आपण आनंदाने त्यालाच पाणी घालत बसतो! माझ्याकडे दोन वर्षे तसे झाले होते.

आता लावावे काय? भाजीपासून सुरुवात करते.

पहिला मान हाखचा. खानयारी, कावडारी अशा त्याच्या जाती इथे प्रसिद्ध आहेत. खालची पाने खुडत जावी, शेंडा राखावा, म्हणजे झाड पुष्कळ दिवस देत राहते. त्याच्याच गोतातला मोंज, म्हणजे आपला नवलकोल. पालक, मेथी आणि कोथिंबीर सप्टेंबरात पेरली, तर रोपे बर्फाखाली निजून राहतात आणि मार्चमध्ये बर्फ गेला की पुन्हा वाढू लागतात. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावा. आपल्याकडे तो होळीच्या सुमारास निघतो, इथे जून उजाडतो. घाईने उपटून पाहू नये.

टोमॅटो, वांगी, मिरची, दुधी यांना गोठलेले दव मुळीच सोसत नाही. बी मार्चअखेर घरात, खिडकीशी, खोक्यात पेरावे आणि रोपे मे महिन्यात बाहेर लावावी. मध्येच चार दिवस ऊन पडते आणि हात शिवशिवतात, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असे करू नये. पिकले म्हणजे इथल्या बायकांप्रमाणे वांगी, दुधी, टोमॅटो चिरून वाळवून ठेवावे. वाळवण तर आपल्या हातचेच काम आहे. आपण कुरडया-सांडगे घालतो, त्या भाज्या घालतात.

आता देवाची फुले. मोगरा इथे बाहेर टिकत नाही. त्याची हौस पांढऱ्या चमेलीवर भागवावी. या चमेलीचा वेल मूळचा याच डोंगरांतला, थंडी सोसणारा, आणि वास मनापासूनचा. आपला तांबडा जास्वंद हिवाळ्यात जातो. पण त्याचीच एक थंडी सोसणारी जात इथे अंगणोअंगणी दिसते, तिची पाने हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा येतात. तिचे फूल जांभळे, गुलाबी किंवा पांढरे, अगदी लाल नव्हे. परंतु ऐन गणपतीत ती फुललेली असते, आणि गणरायाने आजवर माझे फूल परत केलेले नाही. झेंडू मे महिन्यात लावला तर दसऱ्याला भरपूर मिळतो. दिवाळीचा मात्र भरवसा धरू नये, दिवाळीसाठी शेवंती लावावी. तिची फुले सरली की दांडे खाली कापावे आणि बुडख्यावर पाला घालावा. वसंतात ती पुन्हा फुटते. दूर्वा हिवाळ्यात वाळून पिवळ्या पडतात, पण मुळे जिवंत असतात. ती खणून टाकू नयेत.

नर्गिस आणि आयरिस यांना तर काहीच करावे लागत नाही. कब्रस्तानांतून आयरिसचे जांभळे ताटवे आपण पाहतोच. तिथे त्यांना कोण पाणी घालते आणि कोण झाकते? एकदा लावून विसरून जावे अशी ही झाडे आहेत. उलट डेलिया, कर्दळ, ग्लॅडिओलस यांचे कंद नोव्हेंबरात पाने करपली की खणून काढावे, माती झाडून कोरड्या वाळूत किंवा भुशात घरात ठेवावे. अळूचेही तसेच. मी अळूचे कंद कोठीच्या खोलीत ठेवते आणि मे महिन्यात लावते. श्रावणात वड्या होतात.

हिवाळ्याची झाकपाक कशी करावी तेही सांगते. नोव्हेंबरात जमीन पुरती कोरडी होऊ देऊ नये. ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त वेळ राहते. पण चिखलही नको, त्यात कांदे कुजतात. मग भाताचा पेंढा किंवा चिनारची पाने बुडख्याभोवती वीतभर पसरावी. चिनारचे पान जाड असते, लवकर कुजत नाही. हे पांघरूण फार लवकर घालू नये, नाही तर झाडाला थंडीची चाहूल लागत नाही आणि ते तयारीच करीत नाही. ऊब आहे म्हणून उंदीरही बिऱ्हाड करतात. नवे लावलेले रोप मात्र जपावे. जमीन गोठून फुगते आणि त्याला मुळासकट वर उचलते. असे दिसले तर माती सैल झाल्यावर पायाने हलकेच दाबून द्यावे.

आणि बर्फाला भिऊ नका. मऊ बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो दुलईसारखे काम करतो. खरी भीती असते ती निरभ्र आकाशाची, कोरड्या थंडीची. जमिनीवर बर्फ नाही, वर ढग नाहीत, अशा रात्री सर्वांत जास्त झाडे जातात. वाटेवरचा बर्फ वितळावा म्हणून कोणी मीठ टाकतात, ते वाफ्याजवळ टाकू नये.

हिवाळा सरल्यावर एक काळजी घ्यावी. वाळलेले दिसले म्हणून झाड उपटू नये. नखाने फांदीची साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. वर तपकिरी असेल तर खाली बुडख्याशी पाहावे. आणि तरीही मे महिना उजाडेपर्यंत थांबावे. मी अधीरपणाने दोन चांगली झाडे चुलीत घातली आहेत, म्हणून हे सांगते.

आता पुन्हा तुळशीकडे येते.

तुळस इथली बारमाही नव्हे. तिला इथे एका उन्हाळ्याचेच आयुष्य, असे धरून चालावे. एप्रिलच्या शेवटी बी घरात पेरावे, उबेत ते लवकर रुजते. जूनमध्ये रोप वृंदावनात लावावे. ऑक्टोबराच्या मध्यापासून रात्री कुंडी घरात घ्यावी. माझे वृंदावन म्हणूनच आता हलवता येईल असे लहान आहे. कार्तिकात लग्न घरातच लावावे. लग्न झाले की वाळलेल्या मंजिऱ्या काढून कागदाच्या पुडीत, कोरड्या डब्यात ठेवाव्या. मग कुंडी दक्षिणेच्या खिडकीशी ठेवावी, पाणी बेताचे, कोमट करून घालावे, बुखारीच्या धगीपासून दूर ठेवावी. एखाद्या वर्षी ती हिवाळा काढते, एखाद्या वर्षी काढत नाही. २०२१ च्या जानेवारीत, १४ तारखेला, शून्याखाली ८.४ अंशांपर्यंत पारा उतरला, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या बादलीत पाणी गोठले होते. खिडकीतली तुळस त्या रात्री गेली. पण डब्यात मंजिऱ्या होत्या. मे महिन्यात शंभर रोपे उभी होती.

माझ्या सासूबाईंना ही गोष्ट मी पुष्कळ उशिरा सांगितली. त्या पुन्हा इथे आल्या होत्या आणि मी रोपे लावत होते. मी म्हटले, "आई, ती तुळस थंडीने गेली होती, माझ्याने नव्हे." त्या चकित झाल्या. त्यांना आपले ते वाक्य आठवतही नव्हते. थोड्या वेळाने त्या स्वतः उठल्या आणि मंजिऱ्या चुरगाळून बी काढू लागल्या. त्या दिवशी आम्ही दोघी पुष्कळ वेळ काही न बोलता बसलो होतो. पुढे दर कार्तिकात त्यांचा गावाहून फोन येई, "मंजिऱ्या काढल्यास ना?"

मैत्रिणींनो, एवढ्यासाठीच मी आज उभी राहिले. दरसाल आपल्यात दोन-तीन नव्या सुना येतात. मागच्या पौषात त्यांतली एक मुलगी माझ्याकडे येऊन, दार लावून घेऊन, रडली. तिची तुळस काळी पडली होती आणि घरात कोणी तरी बोलले होते. कोण ते मी विचारले नाही. बोलणाऱ्यालाही वाटत नसते की आपण काही मोठे बोललो. परंतु परमुलखात, सत्तर दिवस दारे-खिडक्या लावून बसलेल्या, बोलायला माणूस नसलेल्या पोरीला ते एक वाक्य पुरते. आपण वडीलधाऱ्या बायकांनी तिला पायगुण सांगू नये, बी द्यावे आणि कधी पेरायचे ते सांगावे.

हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी मी कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत. दर पुडीत मंजिऱ्यांचे बी आहे. प्रत्येकीने एक घ्यावी, आणि ज्यांच्या घरी नवी सून आहे त्यांनी दोन घ्याव्या. आत्ता पेरू नका. एप्रिल संपू द्या.